हिरवळ, हुल्लु आणि हूल

बत्तीस वर्षं बँकेची नोकरी महाराष्ट्रात केली. दर तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवलं आणि प्रत्येक भाड्याच्या घरात एक तुळस नि एक कोरफड एवढ्यावर बागकामाची हौस भागवली. त्यामुळे निवृत्त होऊन बेळगावात, टिळकवाडीतल्या वडिलांच्या घरात परतलो, तेव्हा घरासमोरच्या आठशे चौरस फूट मोकळ्या जागेकडे बघून मनात एकच शब्द आला. लॉन. सकाळी वेताच्या खुर्चीत बसायचं, पायाखाली गारेगार हिरवळ, हातात पेपर, बाजूला चहा. (पेपर आणि चहा अजून आहेत. खुर्चीचे मागचे दोन पाय सध्या चिखलात आहेत.)

"लॉन कशाला? हरळी आहे की तिथं," शेजारचे वकीलकाका म्हणाले. "तुझ्या वडिलांच्या आधीपासनं आहे. काय करायला लागत नाही तिला."

कर्जाला जामीन म्हणून मेहुण्याला घेऊन येणाऱ्या माणसाकडे मी बँकेत ज्या नजरेनं बघायचो, त्या नजरेनं मी काकांकडे बघितलं.

चारच दिवसांत लँडस्केपवाला हजर झाला. शर्ट इन केलेला, पायात बूट, हातात टॅब. बागेचं काम करणारा माणूस इतका स्वच्छ असतो याचाच मला केवढा आनंद झाला! तिथंच माझ्या मनात शंका यायला हवी होती. त्यानं टॅबवर गवतं दाखवली, साड्या दाखवतात तशी. "हरळी देशी आहे सर, ती काढून टाकू. तुम्ही मेक्सिकन घ्या. गालिचा!" बेळगाव कुणाचं हा महाराष्ट्र-कर्नाटकाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. मी मधल्यामध्ये मेक्सिकोला आणून बसवायचं ठरवलं.

वर्षाचं मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट झालं. त्याबरोबर एक लॅमिनेट केलेलं कॅलेंडर मिळालं. कोणत्या महिन्यात काय करायचं ते रंगीत रकान्यांत. ते कॅलेंडर अगदी बरोबर होतं, हे मला मान्य केलंच पाहिजे. गुलाबाची छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. मोगऱ्याचं पाणी थंडीत तोडायचं आणि मग छाटायचा. आंब्याच्या वाळक्या फांद्या फळं उतरल्यावर काढायच्या. गवताची उंची एका वेळेला एक तृतीयांशाहून जास्त कापायची नाही, नाहीतर मुळांचा दम सुटतो. सगळं खरं. घोटाळा एवढाच की कॅलेंडर माझ्या कपाटाला चिकटवलेलं होतं आणि काम माळीमामा करत होते.

माळीमामा बैलहोंगलकडचे. साठीच्या पुढचे, डोक्याला पटका, कमरेला विळा. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड, दोन्ही घाईत. माझं कन्नड म्हणजे लहानपणी बसच्या पाट्या वाचून शिकलेलं, तेही बत्तीस वर्षं बंद खात्यात पडून. पहिल्याच दिवशी मामा माझ्या लाडक्या लिंबाच्या झाडापाशी उभे राहिले, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "मर..."

माझ्या काळजात धस्स झालं. मर म्हणजे मररोग! उभं झाड वाळून जातं तो. मी मोरचूद, चुना, ट्रायकोडर्मा, काय काय आणायला पिशवी घेऊन निघालोच होतो. तेवढ्यात मामांनी वाक्य पुरं केलं. "मर छलो ऐतरी." झाड चांगलं आहे, असं ते म्हणत होते. कन्नडात झाडाला मर म्हणतात. ज्या भाषेत झाड आणि झाडाचं मरण यांच्यातला फरक कळायला अख्खं वाक्य ऐकावं लागतं, त्या भाषेत मी पुढचं वर्षभर बाग चालवली.

दुसरा शब्द शिकलो तो "नाळि". म्हणजे उद्या. "मामा, कधी येणार?" "नाळि बर्तीनरी." फोन केला की नाळि. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला तर तो टिळकवाडीच्या दोन नंबरच्या रेल्वे गेटाला अडकलेला. एक माणूस एका गेटाला आठवड्यातून तीन दिवस अडकू शकतो का? टिळकवाडीत राहणाऱ्याला हा प्रश्न विचारू नये. अडकू शकतो. त्यामुळे मला त्याला खोटारडाही म्हणता येईना. माळीमामांची आणि माझी नाळ जुळली ती अशी, त्या नाळिवरच.

तर हरळी काढायचं काम. हरळी उपटली की ती जाते असा माझा समज होता. हरळी जमिनीवरून धावते आणि जमिनीखालूनही. प्रत्येक पेराला मुळं फुटतात, म्हणजे कुदळीनं तुम्ही तिचे चार तुकडे केलेत की चार हरळ्या झाल्या. बँकेत आम्ही ज्याला चक्रवाढ म्हणायचो ते हेच. गड्यांनी दोन दिवस खणून हरळीचा ढीग गेटाबाहेर टाकला, वर लाल मातीच्या दोन ट्रॉल्या आणि शेणखत पसरलं. खत कच्चं होतं. त्याच्या वासानं वकीलकाकांनी चार दिवस खिडक्या लावून घेतल्या. "कुजलेलं नाही हे," ते भिंतीवरून म्हणाले. "कुजंल की हळूहळू," मामा म्हणाले. मग मेक्सिकनच्या चौकोनी लाद्या आल्या. एकाशेजारी एक मांडून वर पाणी मारलं आणि संध्याकाळपर्यंत खरोखर गालिचा झाला! सौ.ने फोटो काढून पुण्याला लेकीला पाठवले. मी पहिल्यांदाच अनवाणी चाललो. जून लागला होता, आभाळ भरून आलं होतं आणि मी आयुष्यात इतका मूर्ख सुखी कधी नव्हतो.

बेळगावचा पाऊस ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. अडीच हजार फूट उंचीवरचं हे गाव, पश्चिमेला खानापूरचं जंगल आणि घाट. जुलैत इथं पाऊस पडत नाही, मुक्कामाला येतो. कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं, भिंतीला शेवाळ येतं. गालिच्याला आलं नाही तरच नवल. आंब्याखालच्या भागात तर आधीच ऊन नाही. मेक्सिकनला दिवसाचे निदान पाच-सहा तास ऊन लागतं, हे कॅलेंडरच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं. तिथं गवत विरळ होत होत, माझ्या डोक्यावर जे चाळिशीत घडलं ते चाळीस दिवसांत घडलं. उरलेल्या जागेत कच्च्या खताबरोबर आलेलं काँग्रेस गवत आणि लव्हाळा. लव्हाळ्याची पात ओढली की पात हातात येते, गाठ खाली राहते, आणि त्या गाठीला खाली दुसरी गाठ बांधलेली असते. आमच्या भाऊबंदकीच्या दाव्यासारखं आहे ते. एक निकाली काढावा तर खालून दुसरा.

खरा प्रसंग ऑगस्टात झाला. सकाळी बघतो तर लॉनवर साळुंक्या, कावळे आणि दोन बगळे. मला वाटलं, वा, निसर्ग! चार दिवसांनी लॉनमध्ये ताटाएवढे पिवळे डाग दिसायला लागले. पाणी कमी पडलं म्हणावं तर धो धो पाऊस. वाकून एका डागावरचं गवत चिमटीत धरून जरा ओढलं, तर अहो, घोंगडी उचलावी तसं दोन हात लॉन वर आलं. मुळं नाहीतच. आणि खाली, तांबड्या ओल्या मातीत, करंगळीएवढ्या पांढऱ्या जाड अळ्या, चंद्रकोरीसारख्या वळून निवांत झोपलेल्या. तांबूस डोकी, मागचं टोक खाल्लेल्या मातीनं काळसर. एकीनं कूस बदलली. मी लॉन पुन्हा हळूच खाली सोडलं, जसं काही कुणाच्या तरी अंगावरचं पांघरूण चुकून ओढलं.

"हुमणी," भिंतीवरून आवाज आला. "कच्च्या खताच्या वासावर येती ती. सांगितलं होतं."

इकडं ऊसवाल्यांना आणि भुईमूगवाल्यांना हुमणी म्हटलं की घाम फुटतो. माझ्याकडं तिला मेक्सिकन जेवण मिळालं होतं. तज्ज्ञांना विचारलं, मेटारायझियम नावाची बुरशी आणून मातीत टाकली, आणि खरा उपाय पुढच्या मे महिन्यात करायचा असं कळलं. वळवाचा पहिला पाऊस पडला की संध्याकाळी जमिनीतून भुंगेरे निघतात, कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर पाला खायला बसतात. तेव्हा फांद्या हलवून ते पाडायचे आणि रॉकेल टाकलेल्या पाण्याच्या बादलीत टाकायचे. मी ते केलं. मे महिन्यात, वीज गेलेली, रात्री साडेआठला, डोक्याला टॉर्च बांधून, बनियनवर, मी कोपऱ्यातल्या कडुनिंबाला लटकून झोके घेत होतो आणि सौ. खाली बादली धरून उभी होती. नेमकं त्याच वेळी लेकीचं सासर पहिल्यांदा आमच्या घरी येत होतं. गेट उघडून ते आत आले आणि विहीणबाईंच्या अंबाड्यात वरून एक भुंगेरा पडला. पुढचं लिहिण्यासारखं नाही.

पण मी पुढं धावलो. मधे ऑक्टोबर राहिला.

गुलाब ऑक्टोबरात छाटायचे होते. बाहेरच्या बाजूला बघणारा डोळा धरून त्याच्या जरा वर, तिरका काप, म्हणजे पाणी निथळतं. कापावर मोरचूद-चुन्याची पेस्ट. मग दीड-दोन महिन्यांत फुलं. मामांनी गुलाब छाटले जुलैत, कारण जुलैत पाऊस होता आणि दुसरं काही काम करता येत नव्हतं. कापात पाणी शिरलं, फांद्या शेंड्यापासून खाली काळ्या पडत गेल्या. ऑक्टोबरात मी पेस्टचा डबा घेऊन उभा, लावायला फांदी शिल्लक नाही. ड्युरांटाची कुंपणझाडी तर कॉन्ट्रॅक्टरच्या पोरानं वरून रुंद आणि खाली निमुळती कापली, मिलिटरी कटिंग उलटं धरल्यासारखी. खालच्या पानांना ऊन मिळेना, ती गळून गेली. आता आमच्या झाडीतून गल्लीतली कुत्री आरपार जातात आणि वरची पात सुरेख हिरवी आहे.

एक मात्र सांगायला हवं. डिसेंबरात मामा सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला म्हणून गेले ते महिनाभर नाळिच. पाणी घालायला कोणी नाही, माझा गुडघा धरलेला. बोगनवेलीकडे कोणी फिरकलंच नाही. आणि जानेवारीत ती अशी फुलली, अशी फुलली की रस्त्यावरून जाणारे थांबून फोटो काढायला लागले! बोगनवेलीला पाण्याचा ताण पडल्याशिवाय रंग येत नाही. तोवर मामा आले की तिला बादली घालत होते आणि ती नुसती पानं काढत होती. मामा आले, तिच्याकडे बघून छाती फुगवून म्हणाले, "हेंग ऐतरी?" कसं आहे? मी म्हटलं, छलो ऐत. काय बोलणार?

आता हरळी. हुमणीनं मेक्सिकन जिथं जिथं खाल्लं, तिथं तिथं दुसऱ्या पावसात हरळी उगवली. कुठून आली ते विचारू नका. सगळी जागा तिनं भरून काढली, आणि लिंबाखालच्या कोपऱ्यात तर इतकी कोवळी, लुसलुशीत, की मी मनातून हार मानली. कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं, मी ते वाढवलं नाही. फक्त मामांना ठेवलं. म्हटलं, यंदा गणपतीला घरच्या दूर्वा वाहू. कारण दूर्वा म्हणजे दुसरं काय, हरळीच. सौ.ने एकवीस दूर्वांच्या किती जुड्या लागतील याचा हिशेबही करून ठेवला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी पहाटे मामा आले. न बोलावता! वर्ष-दीड वर्षात पहिल्यांदा. मी दूध आणायला बाहेर पडत होतो. मामा लिंबाखाली उकिडवे बसून हातानं हरळीचे कोंब खुडत होते, एकेक, तीन पानांचा तुरा बघून, मुळाला धक्का न लावता, ओल्या फडक्यात नीट ठेवत. इतक्या मायेनं त्यांना काम करताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला भरूनच आलं. "राहू द्या मामा, चहा घेऊन जा," एवढं म्हणून मी गेलो. तासाभरानं परतलो तर मामा नाहीत, आणि माझी हरळी शेंड्यांवाचून, जणू मुंज लागलेली.

कन्नडात गवताला हुल्लु म्हणतात, हे मी त्याआधीच शिकलो होतो. मराठीत हूल कशाला म्हणतात ते त्या दिवशी कळलं.

दुपारी गणपत गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. केवडा, कमळं, आघाडा, शमी, मखराची थर्माकोलबंदी झाल्यापासून आलेली कागदी मखरं, सगळ्याचा एकच कल्लोळ. दूर्वांची जुडी वीस रुपये. मी दोन ठिकाणी भाव विचारून तिसऱ्या पाटीपाशी वाकलो. ओलं फडकं ओळखीचं होतं. फडक्यामागचा पटकाही.

मामा जराही गडबडले नाहीत. त्यातल्या त्यात कोवळी जुडी निवडून त्यांनी माझ्या पिशवीत टाकली.

"तुमच्या घरचंच माल हाय सायेब," ते म्हणाले. "पंधरा द्या."

मी पंधरा दिले. पाच रुपये वाचले म्हणून बरंही वाटलं. निघताना सवयीनं विचारलं, "मामा, आता परत कधी?"

"नाळि," मामा म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.