फ्रँचायझी घ्यावी, हद्द मागू नये

निवृत्तीनंतर हाती आलेला फंड बँकेत नुसता पडून आहे आणि थोरल्या चिरंजीवांना नोकरीचा वीट आला आहे, असा योग घरात जुळून आला असेल, तर आपण इंदुरात एखाद्या नामांकित चहाच्या कंपनीची फ्रँचायझी अवश्य घ्यावी. मात्र करारातील 'क्षेत्र', म्हणजे हद्दीचे, कलम वाचण्याच्या भानगडीत पडू नये. दिलेला परवाना अनन्य, म्हणजे फक्त आपल्यालाच दिलेला, नाही आणि कंपनी आपल्या मर्जीने कोठेही नवी शाखा काढू शकते, असे त्यात बहुधा लिहिलेले असते. ते वाचल्याने सहीच्या दिवशी उगाच हात थरथरतो.

अमेरिकेत ही सोय नाही. तेथे कंपनीला सही होण्यापूर्वी किमान 14 दिवस खुलासापत्र द्यावे लागते. हद्दीची बाब त्यात बाराव्या क्रमांकावर असते आणि अनन्य हद्द मिळणार नसेल, तर तसे ठरावीक शब्दांत स्पष्ट लिहावे लागते. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नसल्यामुळे सगळा कारभार 1872 च्या करार कायद्यावर भागतो, म्हणजे जे लिहून घेतले तेवढेच आपले. शिवाय शीतपेयाच्या फ्रँचायझीच्या एका खटल्यात, करार चालू असेपर्यंत दुसऱ्याचा माल न करण्याचे बंधन सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये वैध ठरवलेले आहे. तेव्हा आपण शेजारच्या कंपनीचा चहा विकायचा नाही, आणि कंपनीने मात्र आपल्या शेजारी आपलाच चहा विकायचा, अशी ही सुटसुटीत वाटणी होऊ शकते.

कंपनीला यात रस का, हे समजण्यासाठी साधा हिशेब मांडावा. रॉयल्टी सहसा विक्रीवर असते, नफ्यावर नव्हे. आपल्या अन्नपूर्णा रोडवरील दुकानाची विक्री महिन्याला 10 लाख आणि रॉयल्टी सहा टक्के धरली, तर कंपनीला 60,000 मिळतात. दोन चौक सोडून दुसरी शाखा निघाली आणि दोघांची विक्री सात-सात लाखांवर आली, तर एकूण 14 लाखांवर कंपनीला 84,000 मिळतात, आणि नव्या शाखेची प्रवेश फी वेगळी. आपले भाडे, पोरांचे पगार आणि विजेचे बिल मात्र दहा लाखांच्या काळातलेच राहते. कंपनीचे अधिकारी याला 'ब्रँडची वाढ' म्हणतात, आणि त्यांच्या बाजूने ते अगदी खरे आहे.

तरीही हद्दीचा हट्ट सुटत नसेल, तर दोन किलोमीटरची त्रिज्या मागावी. ती बहुधा मिळेल. फक्त तिच्यातून मॉल, रुग्णालय, रेल्वे स्टेशन, महाविद्यालय आणि ऑनलाइन विक्री वगळलेली असेल, याकडे लक्ष देऊ नये. इंदूरच्या सराफ्यात दिवसा दागिन्यांची दुकाने चालतात आणि रात्री त्यांच्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस शिजतो. तिथली हद्द घड्याळावर वाटलेली आहे आणि गिऱ्हाइकांची सरमिसळ होत नाही. आपल्याकडे मात्र जाडजूड करार असूनही, एका खोलीत शटर न उघडता चालणारे कंपनीचेच स्वयंपाकघर आपल्या गल्लीत घरपोच चहा पाठवू शकते.

मग एखाद्या दुपारी डिलिव्हरीचा मुलगा आपल्या काउंटरवर येऊन ऑर्डरचा क्रमांक सांगेल. तो आपल्या पडद्यावर नसेल, कारण नाव तेच असले तरी ऑर्डर दुसऱ्या शाखेची असेल. उन्हातून आलेल्या त्या मुलाला आपण पाणी द्यावे आणि पुढच्या चौकातून डावीकडे वळायला सांगावे.

एवढे झाल्यावर तक्रारीचा मेल जरूर लिहावा. इंदूरच्या बाजारात अजून पुष्कळ वाव आहे, असे उत्तर येईल, आणि पाठोपाठ क्षेत्र व्यवस्थापकाचा फोन. "काका, तुमच्याच भागात तिसरी शाखा देतोय. पार्टी तयार आहे, पण तुम्ही आमचे जुने पार्टनर, म्हणून आधी तुम्हाला विचारलं. फीमध्ये थोडं कमी करू." ही संधी दवडू नये. आपले गिऱ्हाईक तिऱ्हाइताने पळवण्यापेक्षा आपणच फी भरून पळवलेले बरे. धाकट्या चिरंजीवांनी अजून नोकरी सोडली नसेल, तर त्यांच्या कानावर घालून ठेवावे.