भाताला शिव्या देऊन विज्ञान शिकता येत नाही

गेल्या पावसाळ्यात सांगलीतल्या एका शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावरचा मजकूर फिरत फिरत माझ्या नववीतल्या भाचीपर्यंत पोहोचला. त्यातला 'घरगुती वैज्ञानिक प्रयोग' असा: दोन बरण्यांत शिजवलेला भात भरावा, एकीला रोज 'धन्यवाद' आणि दुसरीला 'मूर्ख' म्हणावे, महिन्याभरात पहिला भात पांढरा राहतो, दुसरा काळा पडतो, हे जपानी शास्त्रज्ञाने सिद्ध केले आहे, आपल्या शरीरात 70 टक्के पाणी असल्याने शब्दांचा परिणाम आपल्यावरही होतो, आणि फरक दिसला नाही, तर प्रयोग करणाऱ्याचे मन शुद्ध नव्हते असे समजावे. भाचीने हे सारे मनोभावे केले आणि नेमकी 'धन्यवाद'च्या बरणीला आधी बुरशी आली. त्या रात्री तिने आजीला विचारले, "माझ्या मनात काही वाईट आहे का गं?"

म्हणून शेवटचा मुद्दा आधी घेतो. भात काळा पडला तर शब्दांची शक्ती सिद्ध आणि नाही पडला तर पोरीचे मन अशुद्ध, म्हणजे निकाल कोणताही लागो, दावा मात्र अबाधित. जो दावा कोणत्याच निकालाने खोटा ठरू शकत नाही, त्याची परीक्षा झालेलीच नसते. परीक्षा होते ती फक्त मुलाची. नववीच्या मुलांना प्रयोगाआधी एक ओळ वहीत लिहायला लावली पाहिजे: 'काय दिसले तर माझे म्हणणे चुकले असे मी मानेन?' या मजकुराने नेमकी तीच ओळ खोडून तिथे चौदा वर्षांच्या मुलीचा दोष लिहिला, आणि शिकल्यासवरल्या पालकांनी तो हात जोडलेल्या चिन्हांसह पुढे पाठवला.

जपानी शास्त्रज्ञाचे म्हणाल, तर हा प्रयोग ज्यांच्या नावावर सांगितला जातो त्या मासारू इमोटो यांचे शिक्षण आंतरराष्ट्रीय संबंध या विषयातले होते. शरीरातले पाणी प्रौढ माणसात साधारण 60 टक्के असते, आणि ते 70 असते तरी त्यावरून बरणीतल्या भाताविषयी काहीच ठरत नाही.

दोन बरण्यांचा मुद्दा मात्र नीट पाहण्यासारखा आहे. भात शिजवल्यानंतरही काही जिवाणूंचे बीजाणू तग धरतात, हवेतून बुरशीचे बीजाणू पडतात, एका बरणीला ओला चमचा लागतो, दुसरीचे झाकण सैल राहते. दोनच बरण्या असताना फरक शब्दांचा की झाकणाचा, हे कळणार कसे? फ्रान्सेस्को रेडी या इटालियन वैद्याने 1668 मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोगही बरण्यांचेच होते. मांसात अळ्या आपोआप होतात, ही तेव्हाची समजूत. त्याने काही बरण्या उघड्या ठेवल्या, काही बंद केल्या. अळ्या उघड्यांतच झाल्या. बंद बरणीत हवा जात नाही म्हणून अळ्या झाल्या नाहीत, असा आक्षेप घेता आला असता, म्हणून त्याने आणखी काही बरण्यांवर विरळ कापड ताणले. हवा आत गेली, माश्या बाहेर राहिल्या, मांसात अळ्या झाल्या नाहीत. आक्षेपासाठी नवी बरणी मांडायची असते, प्रयोग करणाऱ्याचे मन तपासायचे नसते. आपल्या तासगावकडचा द्राक्षबागायतदारसुद्धा नव्या औषधाचा गुण पाहायचा असेल, तर दोन ओळी फवारणीविना सोडतो.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो: या मजकुराने मुलीला गाइड मिटवून स्वयंपाकघरात नेले, जे तिच्या शाळेला वर्षभरात जमले नव्हते.

मग आम्ही प्रश्नच बदलला. 'चांगल्या शब्दांत शक्ती असते का?' याऐवजी 'धन्यवाद ऐकणाऱ्या भातावर बुरशीचा पहिला ठिपका उशिरा दिसतो का?' एकाच कुकरमधला भात, बारा सारख्या बरण्या, त्यांवर फक्त आकडे. कोणत्या सहा बरण्यांशी बोलायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवले, बोलायचे काम भाचीचे, आणि ठिपके पाहून दिवस लिहिणाऱ्या आजीला त्या चिठ्ठ्यांचा पत्ता नाही. पहिला ठिपका बोललेल्या बरणीत दिसला, दुसरा न बोललेल्या, आणि पुढेही सगळे असेच सरमिसळ. निकाल पाहून भाचीने मनाविषयी चकार शब्द काढला नाही. ती सर्वांत आधी बुरशी आलेल्या बरणीचे झाकण फिरवून पाहत होती, आणि आता तिला आणखी बारा बरण्या हव्या आहेत: सहा घट्ट झाकणाच्या, सहा सैल.