बाळाची खरेदी करताय? मग बाळाला मधे आणू नका

सातव्या महिन्याचं डोहाळजेवण आटोपलं की खरेदीला लागा. बाळ जन्मायच्या आधी घरात काही आणू नये, असं आजी म्हणेल. म्हणू द्या. तिच्या काळी बाळंतिणीच्या खोलीत दोन जुनी लुगडी, एक विरलेलं धोतर आणि एक गोधडी एवढाच सरंजाम असायचा, आणि त्यावर पाच-सहा पोरं वाढायची. अशा माणसांकडून खरेदीचा सल्ला कोण घेतं?

एक पथ्य मात्र पाळा. बाळाला काय लागेल, हा प्रश्न दुकानात काढायचा नाही. अडीच-तीन किलोचा तो जीव. दिवसातले सोळा तास झोपणार, आठ ते बारा वेळा पिणार आणि मधल्या वेळात ओलं करणार. त्याच्या गरजा एका पिशवीत मावतात, आणि पिशवीभर सामानावर बारसं साजरं होत नाही. खरेदी करायची ती विहीणबाईंच्या नजरेसाठी. माहेरून बाळ-बाळंतीण सासरी निघाली की गाडीतून काय काय उतरलं, हे गल्ली मोजत असते. बाळ काही मोजत नाही.

कपड्यांपासून सुरुवात करा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास खेळतो, म्हणून उन्हाळ्यातल्या बाळासाठी अस्वलाच्या कानांचा, आतून लव असलेला, पायापर्यंत बंद सूट घ्यावा. तो शंभर टक्के पॉलिस्टरचा आहे, याची खात्री करून घ्या. कापसाचं पीक घेणाऱ्या मुलखाला हेच शोभतं, की कापूस जिनिंगला आणि बाळ पॉलिस्टरमध्ये. सूट चढवल्यावर थोड्याच वेळात बाळाचा चेहरा लाल होतो, मानेच्या वळीत घामोळं उठतं, अंग तापतं. कपडे काढून वारा घातला की अंग निवतं, पण तेवढा धीर धरू नका. तेवढ्यात बाळाची आत्या दारातून ओरडलेली असते, "व माय, पोऱ्या उघडा शे! टोपडं कोठे शे त्यानं?" मग टोपडं, टोपड्यावर कुंची, हातमोजे, पायमोजे आणि वरून दुपट्याची घट्ट गुंडाळी. मोठ्या माणसाला जेवढं लागतं तेवढंच बाळाला घालावं, थंडीत फार तर एक थर जास्त, असं डॉक्टर सांगतात. डॉक्टर बारशाला साडी नेसवत नाहीत, त्यामुळे त्यांचं ऐकायचं कारण नाही. थंडीत धुळ्याकडे पारा पाच-सहावर उतरतो. त्या दिवसांतल्या बाळासाठी सेलमधली बिनबाह्यांची जाळीदार झबली घेऊन ठेवावीत.

पुढून बंदांनी बांधायचं मलमलीचं झबलं मात्र टाळा. ते घालताना कपडा डोक्यावरून ओढावा लागत नाही, त्यामुळे बाळाची लुळी मान सांभाळायची कसरत होत नाही. नाळ सुकून पडायला एक-दोन आठवडे जातात, तोवर पोटावर दाबही येत नाही. इतकं सोपं झाल्यावर बाळंतपणाला माणसं जमून करायचं काय? त्यापेक्षा गळ्यातून घालायचा, टिकल्यांचा आणि लोखंडी टिचबटणांचा फ्रॉक उत्तम. दुपारी दोनच्या उन्हात दोरीवर वाळला की बटण चांगलं तापतं, आणि बाळाच्या पाठीला ते सर्वांत आधी लागतं.

आता लंगोट. घरात जुनं सुती लुगडं असेल तर आधी त्याचा काटा काढला पाहिजे, कारण त्याचा हिशेब धोकादायक आहे. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. पन्हा ४५ इंचांचा धरला तर १८ इंची चौकोन लांबीत अठरा आणि रुंदीत दोन बसतात, म्हणजे छत्तीस लंगोट. टोचणारा काठ कापून टाकला तरी बंदांपुरती पट्टी उरते. पहिल्या महिन्यात दिवसाला वीस-पंचवीस लागतात, आणि खान्देशच्या उन्हात धुतलेला लंगोट अर्ध्या तासात कडकडीत वाळतो. एकच लुगडं सगळा बाजार बसवतं. तेव्हा ते भांडेवालीला द्या, बदल्यात स्टीलची पातेली घ्या आणि मोबाईलवरून 'सेंद्रिय सुती नॅपी' मागवा. सहा नग येतात. दुपारपर्यंत पुरतात.

डायपर घ्यायचे तर ऑफर बघून वर्षभराचा साठा एकदम घ्या, आणि सगळा न्यूबॉर्न मापातच. पुड्यावर 'पाच किलोपर्यंत' असं बारीक अक्षरात असतं, ते कोणी वाचत नाही. बाळ पहिल्या आठवड्यात थोडं घटतं, मग दिवसाला वीस-तीस ग्रॅमनी भरत जातं आणि तिसऱ्या महिन्यात पाच किलोला टेकतं. त्याच्या आधीच मांड्यांवर रबराचे लाल वळ उठून त्याने सूचना दिलेली असते. उरलेले पुडे नणंदेच्या बाळंतविड्यात खपवता येतात. तिचं बाळ तेव्हा सात महिन्यांचं असेल, तरी देण्यात कमीपणा नाही. रात्रीपुरता आणि प्रवासापुरता डायपर आणि एरवी लंगोट, मधूनमधून उघडं अंग, असं भागवणाऱ्यांच्या बाळांना सहसा पुरळ येत नाही. पुरळच आलं नाही, तर क्रीम, पावडर आणि ओले वाइप्स या तीन वस्तू कोणत्या तोंडाने घ्यायच्या? पावडर भरपूर फासा. जांघेत आणि गळ्याखाली घामाशी मिसळून तिचा चिखल होतो, आणि उडालेली बाळाच्या नाकात जाते.

पाळणा हा मानाचा विषय आहे, तिथे हात आखडू नका. सागवानी हवा, कड्या पितळी हव्यात, वर लाकडी मोर-पोपट हवेत. गजांमध्ये अंतर ऐसपैस ठेवायला सांगा, नक्षी मोकळी दिसते. अंतर ६ सेंटिमीटरच्या पुढे गेलं की बाळाचं धड फटीतून सरकतं आणि डोकं अडकतं, म्हणून जाणता सुतार तुम्हाला अडवेल. सुतार बदला.

झोळीसाठी पूर्वी धाब्याच्या घरात सराला, म्हणजे छताच्या तुळईला, कडीच असायची. स्लॅब टाकताना कडी ठेवायचं कोणाच्या ध्यानात येत नाही, म्हणून आता लोखंडी पाइपचं स्टँड आणि स्प्रिंग आणतात. स्टँडच्या चार पायांना चार रबरी बुचं असतात. त्यातली दोन महिन्याभरात पलंगाखाली जातात, मग स्टँड फरशीवर चालायला लागतं, बाळाच्या कितीतरी आधी. स्प्रिंग तुटलीच तर भार पेलायला सोबत एक साखळी किंवा जाड दोरी लागते. ती लावू नका, दिसायला ओंगळ दिसते. झोळीच्या तोंडाशी कापड फाकवून धरायला आडवी दांडी असते. तिच्यामुळे आत वारा खेळतो आणि बाळाचं तोंड दिसत राहतं. ती काढली की कापडाच्या दोन्ही बाजू मिटतात, बाळ तळाशी सरकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो. बाहेरून झोळी मात्र अगदी शांत दिसते. सपाट, टणक गादीवर बाळाला पाठीवर निजवलं तर यातलं काहीच लागत नाही, पण मग भेटीला आलेल्या मावश्यांनी झोके कोणाला द्यायचे? गादीवर निजवायची वेळ आलीच तर मोहरीची उशी डोक्याखाली सारा. डोकं गोल होतं म्हणतात. डोकं गोल व्हायला निजताना मानेची बाजू बदलावी लागते आणि जागेपणी थोडं पालथं ठेवावं लागतं. ही दोन्ही कामं फुकटची आहेत. उशीला पैसे पडतात, शिवाय तिची शिवण उसवली की मोहरी कानात-नाकात जाते.

दुधाच्या बाबतीत सरकारने ग्राहकाची फार अडचण करून ठेवली आहे. १९९२च्या कायद्याने, आणि २००३च्या दुरुस्तीने आणखी घट्ट करून, दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचं डब्याचं दूध, तयार खाद्य आणि बाटल्या यांची जाहिरातच बंद केली आहे. दुधाच्या डब्यावर गोंडस बाळाचं चित्रसुद्धा छापता येत नाही. म्हणून जाहिरातीचं काम शेजारणींनी अंगावर घेतलं आहे. बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी त्या येतात, बाळ रडताना पाहतात आणि "दूध पुरत नाही वाटतं" एवढं म्हणून चहा पिऊन जातात. एवढ्या वाक्यावर डबा खपतो. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी जेमतेम चमचाभर चीक पितं, तेव्हा बाटल्या २५० मिलीच्या घ्या, तीनचा सेट. डब्यावर पाणी आणि पावडरीचं माप लिहिलेलं असतं. ते सोडून महिना काढायचा म्हणून चमचा कमी टाकला की बाळ नुसतं पाणी पितं, आणि 'अंग धरावं' म्हणून जास्त टाकला की बद्धकोष्ठ होतं. बाटली उकळण्यात वेळ घालवू नका. बुचाच्या आट्यांत आणि निपलच्या टोकाशी साचलेलं दूध या उन्हात दोन तासांत आंबतं. पुढचं काम जुलाब करतात. वाटी-चमचा किंवा चांदीचं बोंडलं घासायला सोपं असतं, म्हणून ते नुसतं कपाटात ठेवायचं.

उन्हाळा आहे, घसा सुकेल, म्हणून पाण्याची वेगळी बाटली लागतेच. आईच्या दुधात शंभरात अठ्ठ्याऐंशी भाग पाणी असतं आणि सहा महिने त्यावर एक थेंबही वेगळा लागत नाही, मे महिन्यातसुद्धा नाही, ही गोष्ट घरात काढू नका. भांडण होईल. मधाचं बोटही जन्मल्याबरोबर चाटवा. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी लहान बाळ लुळं पडू शकतं, म्हणून वर्षापर्यंत मध देऊ नये असं सांगतात. पण मधाची बाटली डोहाळजेवणालाच आलेली असते.

सोन्याचं काय ते जळगावच्या सराफात ठरेल, तिथे सल्ला द्यायची आमची प्राज्ञा नाही. एवढंच सुचवू, की एक ग्रॅमची अंगठी अवश्य घ्यावी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळाची मूठ तोंडात जाते, तेव्हा अंगठीही जाते. वाळ्यांना घुंगरू सैल बसवलेले असावेत. तीन वर्षांखालच्या पोराच्या हाती काय द्यावं याचं एक माप ठरलेलं आहे. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात जी वस्तू मावते ती घशात अडकू शकते. अंगठी, घुंगरू, लॉकेट, गाणाऱ्या खेळण्यातला बटणसेल आणि सारंगखेड्याच्या जत्रेतल्या मोराची शिट्टी, सगळं त्यात मावतं. बटणसेल तर अन्ननलिका जाळतो. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यावर आयएसआय खूण सक्तीची आहे. ती शोधत बसलात तर जत्रेची मजा जाईल.

वॉकर घ्या. कॅनडाने २००४मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली, कारण तिकडची पोरं वॉकरसकट जिन्यावरून पडायची. आपल्याकडे जिना नसला तरी ओटा असतो आणि ओट्याला तीन पायऱ्या. बाबागाडीबद्दल मात्र मनापासून सांगतो, घ्यावी. तिची वीतभर चाकं पेव्हरच्या पहिल्याच फटीत अडकतात, त्यामुळे बाळ त्यात फार तर बारशाच्या फोटोपुरतं बसतं. पण कळण्याच्या भाकरीचं दहा किलो दळण गिरणीतून घरी आणायला तिच्यासारखं वाहन नाही. खरं वाहन मोटारसायकल, आणि त्यासाठी काहीच घेऊ नका. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला गाडीवर नेताना चालकाशी बांधणारा पट्टा आणि मापाचं हेल्मेट हवं, वेग ४०च्या आत हवा, असा नियम २०२२ साली निघाला. मधे बाळ, मागे आई, पुढे टाकीवर पिशवी, एवढी घट्ट बांधणी असताना पट्ट्याची गरज कोणाला भासते?

छत्रीसारखी मिटणारी मच्छरदाणी, नखं कापायची छोटी कात्री, पाऱ्याऐवजी आकडे दाखवणारा थर्मामीटर, असल्या किरकोळ वस्तूंनी गाडीची डिकी भरत नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाचा ताप १००.४ फॅरनहाइट भरला की त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. थर्मामीटर नसला की ही कटकटच नको, हाताच्या पालथ्या बाजूने "कोमट आहे" म्हणून सांगता येतं.

राहिलं लसीकरणाचं कार्ड. ते दवाखान्यातून फुकट मिळतं, म्हणून त्याला वजन नसतं. मान द्यायचा तर त्याच दिवशी झेरॉक्सच्या दुकानात नेऊन दोन्ही बाजूंनी चकचकीत लॅमिनेट करून घ्या. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हेपटायटिस बी एवढ्या नोंदी आत राहतील. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे चौकोन कोरे दिसतील, आणि त्यावर नर्सबाईंचं पेन उमटणार नाही. मग ते अंगठी-वाळ्यांसोबत गोदरेजच्या आतल्या कप्प्यात ठेवा. किल्ली मामाकडे असते, मामा कालच सुरतेला गेला, आणि उद्या दीड महिन्याचा डोस आहे.