गॉडझिलाची हाडं राहू द्या, जमिनीचं काय?
जपानी सिनेमातला महाकाय राक्षसी प्राणी गॉडझिला खरंच असता तर स्वतःचं वजन पेलू शकला असता का, यावरचा तुमचा लेख झकास! उंची दुप्पट केली की वजन आठपट आणि हाडांच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ मात्र चौपटच, म्हणून गॉडझिलाची हाडं मोडतील, हे पटलं. पण हाडांच्या आधी जमीन हात टेकेल, त्याचं काय? १९५४ च्या पहिल्या सिनेमातला गॉडझिला ५० मीटर उंच, २०,००० टनांचा. एक तळवा ६० चौ.मी. धरू (माझा अंदाज, तोही सढळ हाताने). चालताना एका पायावर भार आला की चौरस मीटरला ३३० टनांच्या वर! मऊ चिकणमाती जेमतेम १० टन पेलते. आणि टोकियोचा किनारा म्हणजे बराचसा गाळ आणि भराव. स्वारी पहिल्याच पावलाला मांडीपर्यंत आत. पाय उपसणं त्याहून कठीण, कारण तळव्याखाली पोकळी होऊन चिखल ओढून धरतो. भातखाचरात लावणीला उतरलेल्यांना विचारा.

वाळूच्या भरावात तर आणखी मजा. सतत हादरे बसले की वाळूतल्या पाण्याचा दाब वाढतो, कण एकमेकांना सोडतात आणि जमीन पातळ होते. २०११ च्या भूकंपात टोकियोशेजारच्या उरायासूत हेच झालं, मॅनहोल रस्त्याच्या वर आले होते. त्यामुळे सैन्य, रणगाडे कशाला? भरावावर येऊ द्या त्याला.