‘एक मेगाओहमच्या वर आली की केबल पास’ म्हणे!

केबलच्या मेगर टेस्टचे (मेगर म्हणजे डीसी व्होल्टेज लावून इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारं यंत्र) ‘पाच सोपे नियम’ असा एक मजकूर सध्या मोबाईलवर जोरात फिरतोय. माझ्या भाच्यानेही तो पाठवला, खाली प्रश्न : ‘मामा, साइटवर असंच करायचं ना?’ नाही. पाचांपैकी एकही नियम जसाच्या तसा वापरण्याजोगा नाही. नियम असे : एक मेगाओहमच्या वर आकडा आला की केबल पास, व्होल्टेज जितकं जास्त तितकी टेस्ट खरी, म्हणून 5000 व्होल्ट लावा, पीआय (पोलरायझेशन इंडेक्स, म्हणजे दहाव्या मिनिटाचा आकडा भागिले पहिल्या मिनिटाचा) 2 च्या खाली गेला तर केबल बाद, ब्रेकर बंद असेल तर केबलची टोकं जोडणीतून सोडवायची गरज नाही, आणि लो व्होल्टेज केबलमध्ये चार्ज राहतच नाही.

सगळ्यात जास्त घोळ पहिल्या नियमाने होतो. आकडा हवेतून आलेला नाही, एवढं मान्य. आयईसी 60364-6 या आंतरराष्ट्रीय मानकात तो आहे : 500 व्होल्टपर्यंतच्या सर्किटची टेस्ट 500 व्होल्ट डीसीने, त्यावरच्या सर्किटची 1000 व्होल्ट डीसीने, आणि दोन्हीकडे किमान 1 मेगाओहम. पण ही मर्यादा उभ्या झालेल्या वायरिंगसाठी आहे. तिथे स्विच, सॉकेट, टर्मिनल, जोड अशा सगळ्यांची गळती समांतर मोजली जाते. दोन्ही टोकं मोकळी असलेल्या नुसत्या केबलला तीच फूटपट्टी लावणं म्हणजे काहीही पास करणं.

हिशेब करून पाहा. 16 चौरस मिमीची पीव्हीसी केबल, कंडक्टरचा व्यास साधारण 5.1 मिमी, इन्सुलेशनची जाडी 1 मिमी, म्हणजे इन्सुलेशनसकट व्यास 7.1. केबलच्या आयईसी 60502-1 मध्ये पीव्हीसीसाठी 20 अंशाला स्थिरांक 36.7 मेगाओहम-किमी दिलाय. त्याला दोन व्यासांच्या गुणोत्तराच्या लॉगने (10 च्या पायाने) गुणलं की सुमारे 5 मेगाओहम-किमी येतात. इन्सुलेशन रेझिस्टन्स लांबीच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे त्याच केबलच्या 100 मीटर तुकड्याला निदान 50 मेगाओहम हवेत, आणि तीही किमान अपेक्षा. चांगली नवी केबल त्याच्या कितीतरी वर दाखवते. तिथे 2 मेगाओहम आले आणि तुम्ही शीटवर ‘ओके’ लिहिलंत, तर ओल शिरलेली किंवा खेचताना सोललेली केबल तुम्ही चालू करताय.

आकड्याइतकंच महत्त्व तुलनेला आहे. प्रत्येक कोर बाकीचे सगळे कोर, आर्मर (केबलवरचं धातूचं कवच) आणि अर्थ एकत्र बांधून त्यांच्याविरुद्ध मोजा, पूर्ण एक मिनिट. एकाच केबलचे कोर, तीच लांबी, तेच तापमान. मग आकडेही जवळपास यायला हवेत. तीन कोर 800, 750, 820 मेगाओहम आणि चौथा 6, तर त्या चौथ्याला 1 च्या वर आहे म्हणून सोडायचं नाही. चारही आकडे सारखेच खाली पडलेले असतील तर आधी टोकं बघा. लगजवळची (कोरच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या टोपीजवळची) धूळ, घाम, ग्लँडमधली (केबल पॅनलमध्ये शिरते तिथल्या पकडीतली) ओल यांची पृष्ठभागावरची गळतीही आकड्यात मोजली जाते. कोरड्या फडक्याने पुसा, गरम हवेने वाळवा, कोर एकमेकांपासून दूर करा, मेगरला गार्ड टर्मिनल (पृष्ठभागावरची गळती मोजणीतून वगळणारं) असेल तर वापरा, मग पुन्हा मोजा. सुरुवातीला मेगरच्या नुसत्या लीड्स उघड्या ठेवून आणि एकमेकींना लावून तपासल्या नसतील तर सगळाच आकडा संशयास्पद.

तापमान शीटवर लिहाच. त्याच आयईसीत पीव्हीसीचा स्थिरांक 70 अंशाला 0.037 आहे, म्हणजे मर्यादा हजारपट खाली. ‘दर 10 अंशाला निम्मा’ हा सरसकट नियम लावला तर 50 अंशांत 32 पटच फरक धरला जातो. लोडवरून नुकत्याच काढलेल्या गरम केबलचा आकडा थंड केबलच्या जुन्या नोंदीशी ताडू नका.

आणि आकडा उत्तम आला तरी केबल निर्दोष ठरत नाही. इन्सुलेशनला चीर पडलीय पण आत कोरडी हवा आहे, तर मेगर गिगाओहम दाखवेल. पाणी लागलं की तोच कोर कोसळतो.

5000 व्होल्टचं थोडक्यात. 0.6/1 केव्हीच्या केबलची कारखान्यात 3.5 केव्ही एसीने पाच मिनिटं टेस्ट होते, त्यामुळे नवी केबल हे झेलेल, हे खरं. पण टर्मिनल ब्लॉक, जुने जोड, शेजारचं पॅनल झेलतीलच असं नाही. 500 आणि 1000 अशा दोन्ही व्होल्टेजवर मोजा. वरच्या व्होल्टेजला आकडा ठळकपणे घसरला तर ओल किंवा घाण आहे.

पीआय 2 हा निकष मोटर-जनरेटरच्या वाइंडिंगमधून उचललाय. त्यासाठीचं आयट्रिपलई 43 हे मानक स्वतःच सांगतं की एका मिनिटाचा आकडा 5000 मेगाओहमच्या वर असेल तर पीआयला फारसा अर्थ नाही. एक्सएलपीई (क्रॉसलिंक्ड पॉलिइथिलीन) इन्सुलेशनमध्ये शोषण-करंट (व्होल्टेज लावल्यावर इन्सुलेशन हळूहळू शोषतं तो) मुळातच नगण्य, त्यामुळे धडधाकट केबलही 1 च्या आसपास पीआय देते. तिला बाद करणं हा निव्वळ अपव्यय.

टोकं न सोडण्याचा सल्ला मात्र संतापजनक आहे. ब्रेकर बंद केल्याने न्यूट्रल-अर्थ लिंक तुटत नाही, आणि ती राहिली तर न्यूट्रलचा आकडा शून्यच येणार. ब्रेकरच्या केबलकडच्या बाजूला एसपीडी (सर्जपासून वाचवणारं उपकरण) असेल तर तो टेस्ट व्होल्टेजला वाहायला लागतो. इंडिकेटर दिवा किंवा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर दोन फेजमध्ये असेल तर फेज-फेज आकडा पार खाली. व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा) इलेक्ट्रॉनिक भाग तर जळूही शकतो. एसपीडी काढणं शक्यच नसेल तर आयईसी 250 व्होल्टने टेस्ट करू देते, पण 1 मेगाओहमची अट तेव्हाही कायम. पलीकडच्या टोकाला माणूस किंवा अडथळा आणि फलक ठेवा. तिथे 1000 व्होल्ट उघड्या लगवर असतात.

चार्जबद्दल : छोट्या तुकड्यात ऊर्जा थोडी असते, हे कबूल. पण लांब केबलचा झटका शिडीवरच्या माणसाला खाली पाडायला पुरतो. टेस्ट थांबली तरी मेगरच्या लीड्स लगेच काढू नका, व्होल्टेज शून्यावर येऊ द्या. मग सगळे कोर शॉर्ट करून अर्थला जोडा. टेस्ट लांबली असेल तर शॉर्टिंगही तितकंच लांबवा, कारण लवकर सोडलेल्या केबलवर व्होल्टेज हळूहळू परत चढतं. हात लावण्याआधी टेस्टरने पुन्हा तपासा.