शर्ट तोच आहे, म्हणजे बैठक चालूच आहे

राज्यातलं सरकार राहणार की जाणार, हे आमच्या घरात रिपोर्टरच्या शर्टावरून ठरतं. हा शोध बायकोचा. काल रात्री दहाला बंगल्याच्या गेटवर उभा असलेला पोरगा सकाळी सातलाही त्याच निळ्या चौकड्यांत दिसला, की ती चहा गाळता गाळता जाहीर करते, "अजून काही ठरलं नाही." दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला, की समजायचं, आतल्यांचं जमलं आणि ह्याला घरी जाऊन अंघोळ करायला मिळाली. तो बोलतो काय, इकडे आमचं फारसं लक्ष नसतं. 'बैठकीचा तपशील अद्याप समजू शकलेला नाही' असं म्हणतो आणि पुढची दहा मिनिटं तपशीलच सांगतो.

पूर्वी आमची श्रद्धा पुढाऱ्यांवर होती. इथं सोलापुरात होम मैदानावर सभा असली की मी दुपारपासून जागा धरायचो. भाषण ऐकून आलो की रात्री घरच्यांना तेच भाषण पुन्हा मिळायचं. आणि टीव्हीवर बातम्या द्यायला दूरदर्शनचे प्रदीप भिडे होते. सरकार पडलं काय, पाऊस पडला काय, आवाज तोच. बातमी ऐकून घाबरायचं की नाही, हे आपलं आपण ठरवायचं.

माझी श्रद्धा कधी सुटली त्याची तारीखच सांगतो. २३ नोव्हेंबर २०१९, शनिवार. दारात पडलेल्या पेपरात पहिल्या पानावर, उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार, एकमत झालं. आत टीव्हीवर देवेंद्र फडणवीस शपथ घेतायत आणि पाठोपाठ अजित पवार. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली म्हणे. एवढ्या पहाटे आमच्याकडे फक्त दूधवाला उठतो. मी एकदा पेपरकडे बघतोय, एकदा टीव्हीकडे. बायको म्हणाली, "पेपरवाल्याला सांगा, उद्यापासून जरा उशिरा टाकत जा." चौथ्या दिवशी ते सरकारही गेलं, म्हणजे पेपर तसा फार चुकला नव्हता.

त्या सकाळी आम्ही लावलेल्या चॅनेलवरची अँकर बोलता बोलता थांबली. दोन-तीन सेकंदच, पण थांबली. कानातलं यंत्र बोटानं दाबून ती नुसती बघत राहिली. तिलाही कुणी काही सांगितलं नव्हतं. मला एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. (मला माहेर नाही, पण भावना तीच.) तेव्हापासून पुढारी सोडले आणि ही मंडळी धरली.

बघायला वेळ कुठून मिळतो, असं परगावचे लोक विचारतात. वेळ पाणी देतं. आमच्याकडे नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, आणि चावीवाल्याच्या मनात असेल तर रात्री दीडला. कुणीतरी जागं राहावंच लागतं. मग मोटारीची पिन लावून, बॅरलचं झाकण काढून आम्ही टीव्हीपुढं बसतो. खालून 'उजनी धरण शंभर टक्के भरलं'ची पट्टी सरकत असते आणि मोरीतला नळ नुसता सूं सूं करत असतो. "काही क्षणांतच नेते बाहेर येतील," तिकडून तो पोरगा सांगतो. नळाला आधी पाणी येणार की नेता आधी बाहेर येणार, यावर आमची पैज लागते. आजवर नळ जिंकत आलाय.

२०२२ च्या जूनमध्ये तर आम्ही मनानं गुवाहाटीलाच मुक्कामाला होतो. आमदार हॉटेलात, रिपोर्टर गेटबाहेर पावसात. बायकोचा जीव तुटायचा. "अहो, बघा ना, किती बारीक झालाय तो. मुंबईत होता तेव्हा गाल होते त्याला. ह्यांच्या ऑफिसात कुणी जेवायला विचारतं की नाही?" आत काय चाललंय ते कुणालाच कळेना. कळलं ते आमच्या जिल्ह्यामुळं. सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील फोनवर कार्यकर्त्याला म्हणाले, "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील," आणि ते बोलणं राज्यभर गेलं. राज्य हसलं. आम्ही हसलो नाही. सांगोल्यासारख्या दुष्काळी तालुक्यात हयात काढलेला माणूस एवढी हिरवळ बघून दुसरं काय बोलणार? त्या आठवड्यात स्वतःच्या डोळ्यांनी बघून दिलेली, सूत्रांशिवाय आलेली बातमी तेवढी एकच.

मला मात्र हेवा वाटला तो मताचा. बोटाला शाई लावून आपण दिलेलं मत आधी सुरतेला गेलं, तिथून विमानानं गुवाहाटीला, तिथून गोव्याला. आणि आम्ही? सोलापुरातून विमान उडावं म्हणून २०२३ च्या जूनमध्ये साखर कारखान्याची चिमणी पाडली, गोव्याचं विमान सुरू झालं २०२५ च्या जूनमध्ये. मत तीन वर्षं आधीच जाऊन आलं होतं.

चिमणी पडली तेव्हा सोलापूर टीव्हीवर दिसलं. एरवी आम्ही दिसतो ते गड्ड्याच्या जत्रेला, कांद्याचा भाव पडल्यावर आणि आषाढीला, म्हणजे यंदा विठ्ठलाची महापूजा कोणते मुख्यमंत्री करणार हा प्रश्न असला तर. आमचा इथला बातमीदार बिचारा तासभर उन्हात उभा असतो. त्याचं तोंड उघडतं न उघडतं तोच अँकर म्हणतो, "धन्यवाद, आपण पुन्हा मुंबईला जाऊया." बायको चिडते. "आता कुठं बोलायला लागला होता की ओ तो!"

संध्याकाळची चर्चा आम्ही आवाज बंद करून बघतो. सहा चौकटींत सहा माणसं, सगळ्यांची तोंडं एकदम हलतात. शेजारचा पोरगा यंत्रमाग चालवतो, टॉवेलचे. एकदा आवाज चालू राहिला होता, तर तो भिंतीपलीकडून ओरडला, "काका, माझा माग बंद हाय की, मग आवाज कुठनं येलालाय?" दोन्हीकडचा खडखडाट सारखाच, त्याच्याकडं संध्याकाळपर्यंत टॉवेल तरी निघतो.

आता हेही सांगायला हवं की ही मंडळीसुद्धा पुढाऱ्यांच्याच वळणावर चाललीत. आमचा एक लाडका अँकर महिनाभर दिसेना. बायको काळजीत. मग रिमोट दाबता दाबता तो दुसऱ्याच चॅनेलवर सापडला. तोच कोट, तेच हातवारे, हातातल्या बूम माइकचा रंग तेवढा वेगळा, आणि काल ज्या प्रवक्त्याला धारेवर धरत होता त्याला आज "आपण सविस्तर सांगा" म्हणून पाणी पाजतोय. "ह्यांना नाही का तो कायदा?" बायकोनं विचारलं. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे, तो पुढाऱ्यांना पुरला नाही, अँकरला कुठून पुरणार? आणखी एक आवडते होते. त्यांनी नोकरीच सोडली आणि यूट्यूबवर घरातून बोलायला लागले. मागं पुस्तकांचं कपाट, मध्येच कुकरची शिट्टी. मुलानं मोबाइलवर लावून दिलं. खरं सांगतो, बोलतात छान, पण एकाच जागी बसून असतात, शर्ट रोज धुतलेला. अंदाजच येत नाही.

२०२४ च्या विधानसभेच्या धामधुमीत मात्र कमाल झाली. नवी पेठेत आम्ही खरेदीला गेलो आणि समोर, बूम घेऊन, तो. गुवाहाटीवाला. बायको पिशवी टाकून धावली. "तू इकडं कसा रे? जेवलास का?" तो गांगरला आणि त्यानं बूम माझ्यापुढं धरला. "काका, काय वाटतं, कोण येणार?"

इतकी वर्षं ऐकत होतो, आता माझी पाळी. १९३० च्या मार्शल लॉपासून सुरुवात केली. चार हुतात्मे सांगितले, बंद पडलेल्या गिरण्या सांगितल्या, उजनीतलं पाणी आणि आमच्या मोरीतली हवा यांतलं अंतर सांगितलं. शिवसेना दोन आणि राष्ट्रवादी दोन, तर मतदारही दोन करायचे का, असं विचारलं. मागं गर्दी जमली. एकानं टाळी वाजवली.

रात्री दाखवलं. एकूण तीन सेकंद. मी तोंड उघडं ठेवून आभाळाकडं बघतोय, आवाज अँकरचा, आणि खाली लाल पट्टी: 'सोलापूरचा मतदार संभ्रमात'.

पाचच मिनिटांत अक्कलकोटहून मेहुणीचा फोन आला. बायकोनं स्पीकरवर टाकला. "अगं, दाजींना बघितलं टीव्हीवर. किती बारीक झालेत. जेवायला घालतीस का नाही त्यांना?"