एल-टू काका

कोऱ्या पानावर सही नाही म्हणून माझं टेंडर टेक्निकलमध्येच उडालं. पान त्यांचंच. त्यावर 'हे पान कोरे आहे' असं छापलेलंही त्यांनीच. प्रत्येक पानावर सही-शिक्का हवा, ही अट. कोऱ्या पानातल्या कुठल्या मजकुराला मी मान्यता द्यायची होती, ते समितीलाच ठाऊक! आधी कागदपत्रं तपासतात, त्यात टिकलात तरच भावाचं पाकीट फोडतात. माझं पाकीट चिकटवलेलंच राहिलं.

इंदूरच्या त्या केंद्रीय कार्यालयाच्या व्हरांड्यात मी धुमसत होतो. बाकावर एक काका कागदातले पोहे खात बसले होते. वर सढळ जीरावन, मांडीवर फायली.

"उडालं का, भिया?"

"उडालं. तुमचं?"

"पास. मी एल-टू होणार. सगळ्यात कमी भाव तो एल-वन, त्याच्या वरचा मी."

"भाव तर उघडलेच नाहीत अजून!"

"अहो, त्यासाठीच तर भरलंय. सपोर्टिंग आहे आपलं. ज्या पार्टीला काम मिळायचंय ती आकडा सांगते, त्याहून चढा भरायचा." काकांनी बोटावरची शेव चाटली. "एकदा एक शून्य कमी पडलं नि चुकून एल-वन झालो. बायको म्हणे, आता साठ खुर्च्या आणणार कुठून? ईएमडी, म्हणजे टेंडरसोबत भरलेली अनामत, जप्त झाली, पार्टीनं वर्षभर बोलणं टाकलं. तेव्हापासून चष्मा पुसल्याशिवाय भाव भरत नाही."

"पण हे नाटक कशाला?"

"तीन बोल्या नकोत? एकट्याची फाइल साहेब हातात धरत नाहीत."

वास्तविक २०१७ च्या जनरल फायनान्शियल रूल्समध्ये, म्हणजे केंद्राच्याच खर्च-खरेदीच्या नियमांत, स्पष्ट लिहिलंय: जाहिरात नीट दिली, अटी जाचक नसल्या आणि भाव बाजाराला धरून असला, तर एकच बोली आली तरी चालते. मी हे काकांना ऐकवलं.

"असेल. पण मोठ्यानं बोलू नका," ते म्हणाले. "पोट आहे माझं त्यावर."

हसू आलं, पण खरं सांगतो, डोकंही फिरलं. कोरं पान समितीला दिसतं, आणि एकाच हातानं लिहिलेले तीन भाव दिसत नाहीत? ईएमडी म्हणजे टेंडरच्या अंदाजी किमतीच्या दोन ते पाच टक्के. माझी एफडी मोडून भरलेली. परत कधी मिळणार विचारलं, तर बाबू म्हणाला, "अर्ज द्या." अर्ज दिला, तर आवक-जावकवाला जेवायला गेलेला. काकांची ईएमडी पार्टीच भरते. म्हणजे त्या व्हरांड्यात स्वतःचे पैसे अडकलेला मी एकटाच.

निघताना काकांनी हाक मारली. "एल-थ्रीची जागा रिकामी आहे. येता का?"

मी ताडकन नाही म्हणालो. अर्थात, एका टेंडरचे किती देतात ते विचारून घेतल्यावर.